रोबो व्हॅक्यूम सपाट फरशीवर मागे सरतो? क्लिफ सेन्सर तपासण्याचा नेमका क्रम

रोबो दिवाणखान्याच्या मधोमध थांबतो, दोन पावलं मागे येतो, जागच्या जागी वळतो, पुन्हा मागे येतो आणि मग ‘क्लिफ सेन्सर पुसा’ असं सांगून बंद पडतो. क्लिफ सेन्सर म्हणजे पुढे जिना किंवा कडा आहे का ते ओळखणारे पोटाखालचे सेन्सर. समोर ना जिना, ना पायरी. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कुणीतरी सेन्सरवर पांढरा कागद चिकटवतं, किंवा सेन्सर ‘गेला’ असं ठरवून नवीन भाग मागवला जातो. ओळखीतले सात-आठ रोबो मी आजवर तपासले. त्यांतल्या दोनांतच सेन्सर खरोखर बिघडलेला होता. बाकीच्यांत दोष फरशीत, सेन्सरच्या काचेवर किंवा पुढच्या छोट्या चाकात सापडला.

म्हणून क्रम पाळा: आधी फरशी, मग काच, मग चाक आणि शेवटी सेन्सर. हा क्रम उलटा केला की पैसे जातात. कागद चिकटवला तर रोबो जिन्यावरून खाली जातो.

## आधी हे समजून घ्या

रोबोच्या पोटाखाली, कडेकडेने, चार ते सहा छोट्या काळपट खिडक्या असतात. प्रत्येक खिडकीमागे दोन भाग असतात. एक एलईडी फरशीकडे इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, आणि शेजारचा भाग फरशीवरून परत आलेला प्रकाश मोजतो. पुरेसा प्रकाश परत आला तर खाली जमीन आहे, नाही आला तर कडा आहे. रोबोचा हिशेब एवढाच असतो. किती सेंटिमीटर खोल आहे हे तो मोजत नाही, परत आलेला प्रकाश पुरेसा आहे की नाही एवढंच बघतो.

प्रकाश परत न येण्याची कारणं मात्र बरीच आहेत. काळी फरशी तो शोषून घेते. आरशासारखी गुळगुळीत फरशी तो भलत्याच दिशेला परतवते. काचेवर धूळ असली तर तो वाटेतच अडतो. रोबोचं नाक वर उचललं गेलं तर फरशी लांब जाते. थेट ऊन पडलं तर मोजणारा भाग दिपून जातो आणि स्वतःचा प्रकाश त्याला वेगळा ओळखता येत नाही. या प्रत्येक वेळी रोबो ‘कडा’ म्हणतो, आणि त्याच्या परीने त्याचं बरोबरच असतं.

उलट दिशेचा दोषही असतो, आणि तो जास्त घातक. खिडकीच्या आतल्या खोबणीत केस, कोळ्याचं जाळं किंवा पांढरी पूड साचली तर प्रकाश फरशीपर्यंत न जाता तिथूनच परत येतो. रोबोला सगळीकडे जमीनच दिसते, जिन्याच्या टोकालासुद्धा. त्यामुळे ‘आमचा कधी अडत नाही, म्हणजे सेन्सर ठीक आहेत’ हे गृहीत धरू नका.

## तयारी

हे सामान आधीच हाताशी ठेवा:

- चष्म्याचं मऊ कापड किंवा धुतलेलं, पूर्ण वाळलेलं मायक्रोफायबर कापड
- कान साफ करायच्या कापसाच्या काड्या
- कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी ब्लोअर
- छोटी टॉर्च
- पांढऱ्या चार्ट पेपरचे दोन मोठे ताव आणि चिकटपट्टी
- छोटी कात्री, चिमटा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर
- फोन आणि टीव्हीचा रिमोट
- वही-पेन

पाचव्या टप्प्यात काढायचा बाजूचा ब्रश स्क्रूने बसवलेला असेल तर तेवढा सोडून, स्क्रू-ड्रायव्हर सहाव्या टप्प्यापर्यंत लागणार नाही. त्याआधी उचलू नका.

रोबो चार्जरवरून काढा. मुख्य बटण असेल तर बंद करा. मगच मऊ टॉवेलवर पालथा घाला. वर लेझरचा गोल मनोरा असेल तर टॉवेलची घडी करून त्याच्या दोन्ही बाजूंना आधार द्या, सगळं वजन मनोऱ्यावर येऊ देऊ नका. पाण्याची टाकी आणि पोछ्याचं कापड आधीच काढून ठेवा, नाहीतर उलटं केल्यावर उरलेलं पाणी आत जातं.

सावधान: पोटाखालची प्रत्येक खिडकी क्लिफ सेन्सरची नसते. मधल्या भागातली एखादी गोल भिंगासारखी खिडकी बहुधा रोबो किती सरकला हे मोजते, आणि धातूच्या दोन पट्ट्या चार्जिंगच्या असतात. क्लिफ सेन्सर कडेला, बंपरच्या अगदी जवळ असतात. मॅन्युअलमधलं चित्र एकदा बघा आणि ते किती आहेत ते वहीत लिहा. सहा असताना चार पुसून उठणारे मी पाहिले आहेत.

## टप्पा 1: नेमकं काय होतंय ते लिहून घ्या

काहीही पुसण्याआधी दहा मिनिटं रोबो चालू द्या आणि फक्त बघा. वहीत चार गोष्टी टिपा:

1. अडतो ती जागा. एकाच ठिकाणी की सगळीकडे?
2. वेळ. सकाळी उन्हात की संध्याकाळीसुद्धा?
3. हालचाल. सरळ मागे येतो की एकाच बाजूला वळत राहतो?
4. ॲपमधला किंवा आवाजातला नेमका संदेश.

शेवटच्या मुद्द्यावर फार गोंधळ होतो. ‘चाक अधांतरी आहे’ आणि ‘क्लिफ सेन्सर’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चाक खाली लोंबलं की त्याचा वेगळा स्विच दबतो किंवा सुटतो, त्याचा काचेशी काही संबंध नाही. रोबोरॉकच्या बऱ्याच मॉडेलांत एरर 3 चाकांसाठी आणि एरर 4 क्लिफ सेन्सरसाठी असते. रूंबाच्या 600 मालिकेत एरर 1 चाकासाठी आणि एरर 6 क्लिफ सेन्सरसाठी आहे. तुमच्या यंत्राचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. तक्रार चाकाची असेल तर पुढचं बहुतेक काम तुमच्या उपयोगाचं नाही. मागच्या मोठ्या चाकांत अडकलेले धागे काढा आणि चाकं आत दाबून सोडल्यावर सहज बाहेर येतात का ते बघा.

हालचालीवरून बाजू कळते. रोबो बहुधा ‘कड्या’पासून दूर वळतो. म्हणजे मागे येऊन सतत डावीकडे वळत असेल तर संशय उजव्या बाजूच्या सेन्सरवर. सरळ मागे-मागे येत असेल तर पुढच्या जोडीवर.

पडताळणी: एकाच ठिकाणी अडत असेल तर दोष जवळपास नक्कीच फरशीचा. घरभर अडत असेल तर काच, चाक किंवा सेन्सर. तरीही दुसरा टप्पा वगळू नका.

## टप्पा 2: फरशीला निर्दोष ठरवा किंवा दोषी

चार्ट पेपरचे दोन ताव शेजारी-शेजारी जोडा आणि उन्हापासून दूर, सपाट जागी पसरा. चारही कडा आणि मधला सांधा चिकटपट्टीने फरशीला पक्के करा, नाहीतर ब्रश कागद ओढून घेईल. रोबो कागदाच्या मध्यावर ठेवा आणि सुरू करा. चादर वापरू नका, ती ब्रशमध्ये गुंडाळली जाते.

रोबो कागदावर नीट पुढे जात असेल आणि खाली उतरल्यावर अडत असेल, तर सेन्सर काम करतोय. दोष फरशीचा किंवा प्रकाशाचा. कागदावरही मागे सरत असेल तर तिसऱ्या टप्प्यावर जा.

आपल्याकडच्या घरांत हमखास सापडणाऱ्या जागा अशा: दाराच्या चौकटीखालची काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, काळ्या कडप्प्याच्या पायऱ्या, मोझेकमधला गडद पट्टा, गडद नक्षीची सतरंजी. भरीला गॅलरीच्या काचेच्या दारातून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर तिरपं येणारं सकाळचं ऊन.

इथे डोळ्यांवर विसंबू नका. आपल्याला काळं दिसणारं सगळंच इन्फ्रारेडला काळं नसतं. काळं रंगवलेलं कितीतरी कापड इन्फ्रारेड चांगलं परतवतं, तर कार्बन असलेला काळा रंग ते गिळून टाकतो. म्हणून एकाच घरात रोबो काळ्या सतरंजीवरून बिनधास्त जातो आणि काळ्या दगडी पट्टीशी अडतो. ‘काळ्यावर चालतो, म्हणजे फरशीचा प्रश्न नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या जागी अडतो त्याच जागेवर कागद टाकून बघा.

फरशी दोषी ठरली तर उपाय सेन्सरवर करायचा नाही, फरशीवर करायचा. दाराखालच्या काळ्या पट्टीवर फिकट रंगाची पातळ व्हिनाइल पट्टी चिकटवा. दोन-तीन इंच रुंदीची पट्टी मधोमध बसली तरी पुष्कळदा काम होतं. नाही झालं तर पूर्ण रुंदी झाका. गडद सतरंजी सफाईपुरती गुंडाळून ठेवा. ऊन कारण असेल तर सफाईची वेळ बदला किंवा पडदा ओढा.

सावधान: पांढरी पट्टी लावायची तर फरशीला लावा, सेन्सरला कधीही नाही. आणि जिन्याच्या तोंडाशी फरशीलासुद्धा नको. तिथली काळी पायरी रोबोला लांबूनच थांबवत असेल तर ते तुमच्या फायद्याचं आहे.

## टप्पा 3: काच पुसा, पण अशी

सगळ्यांत जास्त चुका याच कामात होतात, कारण काच पुसणं सोपं वाटतं.

दिवाळीनंतर एका नातेवाइकांकडे रोबो अडत होता. घरच्यांनी सेन्सर तीन वेळा पुसले होते आणि वरून बघितलं तर काच स्वच्छच वाटत होती. मी खोलीतला दिवा बंद केला, टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवी धरली, आणि मग दिसलं. काचेवर दुधट पापुद्रा होता, ओल्या पाटीवरचा खडू वाळल्यावर दिसतो तसा. दारातली रांगोळी रोबोने चार दिवस ओढली होती, आणि प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसल्यामुळे ती पूड काचेवर सारखी पसरून वाळली होती. त्या दिवसापासून मी सरळ समोरून बघून काच स्वच्छ आहे असं कधी म्हणत नाही.

क्रम असा ठेवा:

1. रबरी ब्लोअरने प्रत्येक खिडकीवर आणि तिच्या कडेच्या फटीत चार-पाच वेळा हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. धूळ उडवण्याआधी कापड फिरवलं तर तीच धूळ काचेवर ओरखडे पाडते.
2. कोरडं मऊ कापड बोटावर घेऊन खिडकी हलक्या हाताने पुसा. प्रत्येक खिडकीला कापडाचा नवा स्वच्छ भाग वापरा.
3. कोपरे कोरड्या कापसाच्या काडीने फिरवून काढा. कापसाचा तंतू मागे राहिला तर चिमट्याने उचला.
4. टॉर्च आडवी धरून बघा. पापुद्रा, तेलकट डाग किंवा बोटाचा ठसा दिसला तरच कापडाचं एक टोक साध्या पाण्याने ओलसर करा, घट्ट पिळा, एकदा पुसा आणि लगेच कोरड्या भागाने पुन्हा पुसा.
5. दहा मिनिटं तशीच वाळू द्या आणि टॉर्चने परत बघा.

ही काच बहुतेक यंत्रांत काच नसतेच, प्लॅस्टिक असतं. म्हणून काच चमकवायचा स्प्रे, फिनेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट, भांडी घासायची जाळी यांतलं काहीही वापरू नका. काही प्लॅस्टिकवर स्पिरिटनेसुद्धा बारीक भेगांचं जाळं पडतं, आणि मग काच कितीही पुसली तरी धुरकटच राहते. स्प्रे थेट रोबोवर मारला तर थेंब फटीतून आत जातो आणि आतल्या बाजूने वाळतो, तिथे तुमचं कापड पोचत नाही.

पडताळणी: रोबो पूर्ण बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा आणि पुन्हा त्याच चार्ट पेपरवर ठेवा. फरशीवर नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. वहीत निकाल लिहा.

## टप्पा 4: पुढचं छोटं चाक बघा

हा टप्पा जवळपास सगळे वगळतात.

क्लिफ सेन्सर फरशीपासून ठराविक उंचीवर राहावा अशी रोबोची बांधणी असते. पुढचं फिरतं चाक ती उंची राखतं. त्या चाकाच्या आसाभोवती केस गुंडाळले गेले की ते खोबणीत पूर्ण बसत नाही, दोन-चार मिलिमीटर बाहेर राहतं आणि रोबोचं नाक वर उचललं जातं. पुढचे सेन्सर तेवढे लांब जातात. फिकट फरशीवर काही कळत नाही, पण जरा गडद फरशी आली की रोबो लगेच अडतो. मग लोक म्हणतात, ‘सेन्सर कमजोर झालाय.’

चाक हाताने सरळ वर ओढा, बहुतेक यंत्रांत ते नुसतं दाबून बसवलेलं असतं. ओढून येत नसेल तर जोर लावू नका, कडेने चपटं टोक घालून हळूच उचला. आस बाहेर काढा, कात्रीने केस कापा, चिमट्याने ओढा. ज्या खोबणीत चाक बसतं तिच्या तळाशीही केसांची कडक चकती तयार झालेली असते, ती काढायला विसरू नका. परत बसवताना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा.

मागची मोठी चाकंही बघून घ्या. एका बाजूचं चाक आत अडकून राहिलं तर रोबो एका अंगाने कलतो आणि त्या कलाने दुसऱ्या बाजूचा सेन्सर उंच होतो.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट. रोबो उंबरा चढताना, खुर्चीच्या सपाट पायावर चढताना किंवा जाड गालिच्याच्या कडेवर असताना त्याचं नाक क्षणभर हवेत जातं आणि तो खऱ्या अर्थाने अधांतरी असतो. फक्त तिथेच अडत असेल तर तो बिघाड नाही. खुर्ची उचला, उंबऱ्याला छोटा उतार लावा.

पडताळणी: रोबो सपाट टेबलावर बंद अवस्थेत ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणा. बंपरची खालची कड टेबलाला समांतर दिसली पाहिजे. मग पुन्हा चार्ट पेपर.

## टप्पा 5: कोणता सेन्सर, ते फोनने शोधा

इथपर्यंत येऊनही पांढऱ्या कागदावर रोबो मागे सरत असेल, तर आता सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही.

इन्फ्रारेड आपल्याला दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्याला थोडाफार दिसतो. आधी फोन तपासा. टीव्हीच्या रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला पाहिजे. मागच्या कॅमेऱ्यात दिसत नसेल तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा, अनेक फोनमध्ये मागच्या कॅमेऱ्यावरचा गाळणीचा थर जास्त कडक असतो. रिमोट दिसला नाही तर दुसरा फोन घ्या. ही पायरी गाळून ‘सगळेच सेन्सर मेले’ असं ठरवणारे बरेच भेटतात.

1. बाजूचा झाडूसारखा ब्रश काढा, म्हणजे तो बोटांना लागणार नाही.
2. खोलीत अंधार करा. एकाने रोबो धरायचा, दुसऱ्याने फोन.
3. फोनवर व्हिडिओ सुरू करा. फोटो नको.
4. रोबो फरशीवर सुरू करा, दोन सेकंद चालू द्या, मग दोन्ही हातांनी कडेला धरून उचला आणि पोट कॅमेऱ्याकडे करा. चाकं लोंबल्यामुळे तो काही सेकंदांत थांबेल. तेवढ्यात प्रत्येक खिडकी व्हिडिओत यायला हवी.
5. गरज पडली तर दोन-तीनदा करा आणि व्हिडिओ थांबवून-थांबवून बघा.

सावधान: लांब केस बांधा, ओढणी किंवा पदर बाजूला घ्या. मुख्य ब्रश फिरत असतो. लहान मुलांना या कामात घेऊ नका.

निकाल असा वाचा. सगळ्या खिडक्यांत ठिपका सारख्याच तेजाचा दिसला तर प्रकाश सोडणारे भाग ठीक आहेत. एकीत ठिपका नाही किंवा फार मंद आहे, आणि तीच खिडकी पहिल्या टप्प्यात संशय असलेल्या बाजूची आहे, तर तो एलईडी गेला किंवा त्याची तार तुटली. सगळे ठिपके ठीक असूनही रोबो अडत असेल तर मोजणारा भाग, आतली धूळ किंवा जोडणी. मोजणारा भाग फोनला दिसत नाही, त्यामुळे तो फोनने तपासता येत नाही.

ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे आणि ज्यांच्याकडे रूंबाची 600 मालिका आहे, त्यांना आणखी चांगली सोय आहे. या यंत्रांना सिरियल पोर्ट आहे आणि कंपनीनेच त्याची भाषा प्रसिद्ध केली आहे. पॅकेट 28 ते 31 मध्ये डावा, पुढचा डावा, पुढचा उजवा आणि उजवा अशा चारही क्लिफ सेन्सरचा सिग्नल 0 ते 4095 या आकड्यांत मिळतो. चौघांना एकाच पांढऱ्या कागदावर ठेवून आकडे घ्या. तिघे जवळपास आणि एक तळाला असेल तर शोध संपला. पोर्टच्या वीजपुरवठ्याच्या पिनवर थेट बॅटरीचं व्होल्टेज असतं, ती पिन आकडे वाचायला घेतलेल्या तुमच्या छोट्या सर्किट बोर्डाला सरळ जोडू नका.

## टप्पा 6: उघडायचंच असेल तर

आधी खरेदीची तारीख बघा. वॉरंटी शिल्लक असेल तर इथेच थांबा, वहीतल्या नोंदी आणि व्हिडिओ सर्व्हिस सेंटरला दाखवा. ‘फरशी, काच, चाक तपासून झालं, उजवा पुढचा एलईडी पेटत नाही’ असं सांगता आलं की ‘आधी पुसून बघा’ या उत्तरावर परत यावं लागत नाही. एकदा स्क्रू काढले की तो मार्ग बहुधा बंद होतो.

वॉरंटी संपली असेल तर:

1. सर्वांत आधी बॅटरी काढा. बहुधा लिथियम-आयन पॅक असतो. त्याला टोचू नका, वाकवू नका, बाजूला कोरड्या जागी ठेवा. बॅटरी आत असताना दुसरा एकही स्क्रू काढू नका.
2. प्रत्येक थराचा फोटो घ्या. स्क्रू लांबीने वेगवेगळे असतात, कागदावर रोबोचा गोल काढून ज्या जागेचा स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागी घट्ट केला तर तो आतला बोर्ड फोडतो.
3. बंपर सोडवताना ओढू नका. त्याला तारा जोडलेल्या असतात. आधी कनेक्टर शोधा आणि तारेला नाही तर प्लॅस्टिकच्या टोकाला धरून सोडवा.
4. सेन्सरच्या खोबणीत टॉर्च मारा. केस, जाळं, पूड दिसली तर ब्लोअर आणि कोरडी काडी. खिडकीची आतली बाजूही तशीच पुसा.
5. तारा बोटांनी चाचपत जा. बंपर हजारो वेळा आत-बाहेर होतो, त्यामुळे वाकण्याच्या ठिकाणी तार आतून तुटते आणि वरचं आवरण शाबूत राहतं. मल्टिमीटर असेल तर तार हलवत-हलवत बीप तपासा.
6. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर असेल तर तो गंज आहे. मुंबई-कोकणात दमटपणामुळे हे दिसतं, आणि पोछ्याचं पाणी आत गेलं असेल तर कुठेही. तीन-चार वेळा काढ-घाल केली तरी पिन पुष्कळदा साफ होतात.

इथे बॅटरी लावून पुन्हा चार्ट पेपर. अजूनही तोच दोष असेल तर बॅटरी पुन्हा काढून अदलाबदल करा. बऱ्याच यंत्रांत सेन्सरचं डावं आणि उजवं मॉड्यूल, म्हणजे एलईडी आणि मोजणारा भाग असलेला तुकडा, एकसारखं असतं. दोघांची जागा बदला. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर मॉड्यूल खराब आहे, नवीन मागवा. दोष होता त्याच बाजूला राहिला तर मॉड्यूल चांगलं आहे, तार किंवा मुख्य बोर्ड बघावा लागेल, आणि नवीन सेन्सरवरचे पैसे वाचले. नवीन भाग घेताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवा. ‘याच मालिकेला चालतो’ हे पुरेसं नाही, कनेक्टर सारखा असून तारांचा क्रम वेगळा असू शकतो.

## सेन्सरवर कागद चिकटवण्याबद्दल

‘पांढरा कागद लावा, प्रश्न मिटतो’ हा सल्ला खूप फिरतो. कागद लावल्यावर सेन्सरला कायम जमीन दिसते, म्हणून रोबो चालतो. पण मग तो जिना ओळखत नाही. ‘ॲपमध्ये निषिद्ध क्षेत्र आखलंय’ हे त्यावरचं उत्तर नाही. ती रेघ नकाशावर आहे, जमिनीवर नाही. रोबो उचलून दुसरीकडे ठेवला, चाक घसरलं, खोलीतलं सामान हललं आणि नकाशा फूटभर सरकला की रेघही फूटभर सरकते. माझ्या शेजारच्या दुमजली घरात हेच झालं. साडेतीन किलोचा रोबो जिन्यावरून मधल्या वळणापर्यंत गडगडत गेला. खाली त्या वेळी कुणी बसलेलं नव्हतं.

ज्या घरात जिना, उघडा माळा किंवा कठड्याविना गॅलरी आहे तिथे कागद लावूच नका. एकाच पातळीच्या फ्लॅटमध्येही पुढे घर बदललं, रोबो कुणाला दिला, तर तो कागद कुणाच्या लक्षात राहणार नाही. आधीच कुणी लावला असेल तर आज काढा आणि उरलेला चिकट डाग तिसऱ्या टप्प्याप्रमाणे पुसा.

## टप्पा 7: जिन्यावरची चाचणी

दुरुस्ती झाली, रोबो घरभर फिरला, म्हणजे काम संपलं असं नाही. दोष उलट दिशेचा उरला असेल तर तो सपाट फरशीवर कधीच दिसणार नाही.

वरून दुसऱ्या पायरीवर एक जण बसवा, पहिल्या दोन पायऱ्यांवर जाड गोधडी पसरा आणि रोबो हातांनी अडवता येईल असं अंतर ठेवा. मग:

1. रोबो कडेपासून दोन फुटांवर, नाक जिन्याकडे करून सुरू करा.
2. तो थांबला की उचला, आता डाव्या अंगाने तिरपा ठेवा.
3. मग उजव्या अंगाने तिरपा.
4. शेवटी कडेला समांतर, एकदा डावी बाजू जिन्याकडे आणि एकदा उजवी.

प्रत्येक दिशेने किमान तीनदा. पंधरापैकी एकदाही पुढची कड पायरीबाहेर जाऊन रोबो ओढला गेला, तर त्या बाजूचा सेन्सर पुन्हा तपासा. ‘चौदा वेळा थांबला’ हे चालत नाही.

मागे सरताना रोबो थांबला नाही तर लगेच सेन्सरला दोष देऊ नका. अनेक मॉडेलांत मागच्या बाजूला क्लिफ सेन्सरच नसतात. म्हणून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची, टीपॉय अशी वस्तू ठेवू नका, ज्याला धडकून रोबो जिन्याकडे मागे येईल. चार्जिंगची जागाही जिन्यापासून निदान 4 फूट लांब हवी.

न्हाणीघर आणि गॅलरीची खोलगट पातळी वेगळी मोजा. बहुतेक रोबो साधारण 2 सेंटिमीटरचा उंबरा चढतात, त्यामुळे तेवढी उतरणही त्यांना चालते. इंचभर खाली असलेल्या न्हाणीघरात रोबो उतरला आणि परत चढता आला नाही, तर सेन्सर निरोगी आहे. दार लावून घ्या.

चाचणी झाली की वहीत तारीख लिहा. काच महिन्यातून एकदा कोरडी पुसा. दिवाळीत दारात रांगोळी असते तेव्हा, आणि घरात पीओपी किंवा रंगाचं काम झालं असेल तर, रोबो चालवण्याआधी ती जागा केरसुणीने झाडून घ्या आणि त्या आठवड्यात एकदा टॉर्च आडवी धरून काच बघा.